विटांवरचे टोमॅटो

“आता एकही तोडायचा नाही,” डोईफोडे मॅडम म्हणाल्या. “मोठे साहेब येऊन जाईपर्यंत. समजलं का मावशी?”

हौसाबाईंच्या ओच्यात नुकतेच तोडलेले पाच-सहा टोमॅटो होते. त्यांनी ओच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“हे तोडलेत त्यांचं काय करू? परत चिकटवू?”

“ते असू द्या. पण हे शेवटचे.”

“शेवटचे कसे? झाडाला अजून दीड महिना फळ लागतंय.”

“मावशी...”

“नाही तोडणार मॅडम,” मी मध्ये पडले. “मी बघते.”

अंगणवाडी सेविकेला दोन वाक्यं यावी लागतात. एक ‘मी बघते’ आणि दुसरं ‘झालंय मॅडम’. बाकी शिक्षण दहावी असलं तरी चालतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आमच्या अंगणवाडीला तेव्हा इमारत नव्हती. मंजूर होती, पण मंजूर इमारतीत पोरं बसवता येत नाहीत. म्हणून अंगणवाडी हौसाबाईंच्या पडवीत भरायची. मी सेविका, हौसाबाई माझ्या मदतनीस. पोरं घरोघर जाऊन गोळा करायची, खिचडी शिजवायची, कुणी चड्डीत केली तर धुवायची, हे सगळं त्यांच्याकडं. लिहायचं काम माझ्याकडं. हौसाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा मागंच गेलेला, एकुलती लेक नांदायला गेलेली. घराच्या मागं दोन भिंतींच्या मध्ये एक बोळ होता. सहा हात रुंद, वीस-बावीस हात लांब. आधी तिथं लोक कचरा टाकायचे. हौसाबाईंनी त्याची बाग केली होती.

सरकार पोरांसाठी पाकिटातलं पीठ पाठवायचं. ते पोरं थुंकायची आणि गावातल्या शेळ्या आवडीनं खायच्या. त्या पिठाची पाकिटं ज्या पोत्यांतून यायची, ती रिकामी पोती हौसाबाई ठेवून घ्यायच्या. तोंड खाली दुमडून निम्मी करायची, त्यात माती, शेणखत, चुलीची राख भरायची, वरून भुईमुगाची टरफलं पसरायची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं मोजून त्या पोत्यांत. भिंतीवर घेवडा चढवलेला, मोरीच्या पाण्यावर अळू, कडेला चुका, मेथी. आणि मधोमध रांगेनं चौदा पोत्यांत टोमॅटो.

हे टोमॅटो शेतातल्यासारखे नव्हते. झाड गुडघ्याएवढंच. खोड बोटासारखं जाड, पानं काळपट हिरवी आणि सुरकुतलेली. ना तार, ना काठी, ना सुतळी. आपलं आपण उभं. आणि अंगभर फळ. हौसाबाई त्याला बसका म्हणायच्या. बी त्यांच्या माहेरचं. पिकलं फळ पिळून बी कागदावर थापायच्या आणि वाळवायच्या, तो कागद म्हणजे आमच्या लसीकरणाच्या पोस्टरची पाठ. मी एकदा त्याची बगलफूट, पानाच्या बेचक्यातले कोंब, खुडायला गेले, शेतात मजुरीला जायचे तेव्हाची हाताला सवय. हौसाबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

“बसक्याचं खुडत नसतेत बाई. त्याचं अंगच तेवढं. तेवढ्यातून पण काढलं तर देईल कुठनं?”

दर तिसऱ्या दिवशी पाटीभर टोमॅटो निघायचे. ते सगळे पोरांच्या खिचडीत. एक कधी बाजारात गेला नाही.

तर त्या वर्षी फर्मान निघालं. प्रत्येक अंगणवाडीला परसबाग हवी, त्यातली एक आदर्श म्हणून निवडणार आणि जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः बघायला येणार. डोईफोडे मॅडम आमच्या पर्यवेक्षिका. त्यांच्या हाताखाली पंचवीस अंगणवाड्या. कागदावर पंचवीसही ठिकाणी बागा होत्या. जमिनीवर एकच होती, आणि ती सरकारी नव्हती. हौसाबाईंची होती.

मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

“फार बुटकी दिसतात गं कुंदा.”

“बसका हाय तो,” हौसाबाई म्हणाल्या. “एवढाच होतोय.”

“मला कळलं मावशी. पण साहेबांना काय दिसणार? पोषणाचा कार्यक्रम आणि झाडंच खुरटलेली. वाढ खुंटलेली वाटतात. उंच करा.”

“झाड कसं उंच करावं?”

“खाली काहीतरी द्या. फळी टाका, विटा लावा. फोटोत माणसाच्या छातीला लागली पाहिजेत.”

तेवढ्यात पडवीतून पायल आली. ती आली हे आम्हाला आवाजावरून कळायचं नाही, कारण तिच्या पायांचा आवाजच व्हायचा नाही. सरळ शेवटच्या पोत्याशी गेली, उकिडवी बसली. तोंडासमोर लाल फळ होतं. दोन हातांनी धरून तोडलं आणि तिथंच खायला लागली. रस हनुवटीवरून झग्यावर.

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या.

“कोण ही?”

“पायल. वीटभट्टीवर मंदा आहे ना, तिची.”

“किती महिन्यांची?”

“अडतीस.”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, “यंदा यादीत तुझं नाव आहे. पर्यवेक्षिकेसाठी. तुला माहितीय.”

“हो मॅडम.”

“ही अंगणवाडी आदर्श झाली तर तुझ्या फायलीवर कुणी बोट ठेवणार नाही. मी पण सेविकाच होते गं. अशीच वर आले.” पायलकडं न बघता त्यांनी मान तिकडं हलवली. “हे तेवढं नीट कर. आणि ती पोरगी त्या दिवशी नको.”

“मी बघते,” मी म्हणाले.

मला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे मी आजही म्हणते. अकरा वर्षं मी लोकांच्या पोरांची वजनं लिहीत होते, आणि त्याला पगारसुद्धा म्हणत नसत, मानधन म्हणत. मान नाही आणि धन नाही असा तो प्रकार. मला खुर्ची हवी होती. आपण आल्यावर कुणीतरी उठून उभं राहावं, असं मला वाटायचं.

विटा मंदानंच आणल्या. पायलच्या आईनं. भट्टीत जास्त भाजून वाकड्या झालेल्या विटा मुकादम फेकून देतो, त्यातल्या मागून घेतल्या. दोन दिवस संध्याकाळी कामावरून सुटल्यावर खेपा घालून डोक्यावर आणल्या, एका वेळी दहा-दहा. मी सांगितलं म्हणून. ‘अंगणवाडीचं काम आहे,’ एवढंच मी सांगितलं होतं. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही.

शेवटची खेप उतरवून तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंडावर भट्टीची लाल धूळ, त्यातून घामाचे ओघळ.

“बाई, एक विचारू?”

“विचार की.”

“पायल वाढंना वो. तिच्या मागनं झालेली आमच्या जावंची पोरगी हिच्या खांद्याच्या वर गेली. भाकर तोंडात घेतीय आन बाहेर काढतीय. तुम्ही वजन करता. काय निघालं ह्या टायमाला?”

मी आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. मंदाला वाचता येत नव्हतं. पण रंग सगळ्यांना कळतो. वाढीच्या तक्त्यात तीन पट्टे असतात. खाली लाल, मध्ये पिवळा, वर हिरवा. पोराचं वय आणि वजन जिथं मिळतं तिथं ठिपका द्यायचा. मी तिला ठिपका दाखवला.

“हे बघ. हिरव्यात आहे.”

ती वाकून बघत राहिली. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं.

“हिरव्यात हाय व्हय. मंग काय नाय. मला उगी घोर लागला होता.”

ती गेली. मी रजिस्टर मिटलं. त्याच सकाळी मी पायलला काट्याच्या झोळीत बसवलं होतं, तेव्हा काटा आठ किलो सातशेवर थांबला होता. मी लिहिलं अकरा किलो चारशे. ठिपका लालमधून उचलला आणि हिरव्यात ठेवला. पेनाला काही जड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मोडक्या बाकांच्या फळ्या आणल्या, विटांचे थर लावले आणि चौदा पोती वर चढवली. पोती जुनी होती. दोन तळातून फाटली, मुळं उघडी पडली. हौसाबाई एकेका पोत्याखाली दोन्ही हात घालून, लेकरू उचलावं तशी उचलत होत्या. खालच्या विटा दिसू नयेत म्हणून मी माझी जुनी हिरवी साडी फळीवरून खाली सोडली.

आता झाडं खरंच छातीला लागत होती. लांबून बघितलं तर मलाच खरं वाटलं.

दुपारी पायल आली. नेहमीच्या जागी उकिडवी बसली. समोर हिरवी साडी. तिनं साडीला हात लावला, वर बघितलं. हात वर केला. पोचला नाही. ती रडली नाही. रडायला पण अंगात काहीतरी लागतं. ती तिथंच बसून राहिली.

खिचडी तिनं खाल्ली नाही. पायलचं जेवण हौसाबाई एका तऱ्हेनं करायच्या. पिकला टोमॅटो ताटलीत हातानं चिरडायचा, त्यात शिळी भाकरी कुस्करायची, वरून शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा खडा. आधी नुसता टोमॅटो हातात द्यायचा, तो खाल्ला की पोरीचं तोंड उघडायचं, मग हे चारायचं. एवढंच ती खायची. दिवसातनं एकदा.

“बाई, एक तोडते,” हौसाबाई म्हणाल्या.

“नाही मावशी.”

“एक. मागचा. साहेबाला दिसतंय का तिथनं?”

“आज एक, उद्या दोन. बारा तारखेला साहेब येणार. चार दिवसांचा प्रश्न आहे. दुकानातला द्या तिला, मी आणून देते.”

मी दुकानातून आणला. लांबट, कडक, मेणासारखा. पायलनं हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

बारा तारखेला सकाळी निरोप आला. साहेबांना मीटिंग लागली. भेट सत्तावीसला. तोपर्यंत सगळं आहे तसं ठेवा.

पंधरा दिवस. झाडाला कागद कळत नाही. फळं पिकली, मग जास्त पिकली, मग देठाजवळ तडकली. मुंग्या लागल्या. खाली टपकन पडायची. मी पडलेली, मुंग्या लागलेली उचलून फेकायचे आणि तडकलेली पानाआड वळवून ठेवायचे, चांगली बाजू पुढं. पोरं पडवीत बसून ‘लाल लाल टोमॅटो’ हे गाणं म्हणायची. मीच शिकवलेलं, भेटीसाठी.

वीस तारखेच्या आसपास एक दिवस मी लवकर गेले, तर हौसाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मांडीवर पायल. ताटलीत लाल काला. माझी चाहूल लागली तरी हात थांबला नाही.

मी मागं जाऊन मोजले. भिंतीकडच्या झाडावरचे तीन कमी होते.

“मावशी, तुम्हाला सांगितलं होतं.”

“ऐकलं होतं.”

“मग?”

“मग काय. भूक लागली तिला.”

“भूक लागली म्हणून? माझं काय ठरलंय तुम्हाला माहिती नाही का? अकरा वर्षं मी...”

“माहितीय,” त्या म्हणाल्या. घास पायलच्या ओठाला लावून धरला होता. “तुमची खुर्ची. येऊ दे की. मी कुठं नाही म्हणायले. पण खुर्ची माझ्या झाडावर का ठेवता?”

“झाडं सरकारी कार्यक्रमातली आहेत आता.”

हौसाबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. रागाला तोंड देता येतं.

“बी माझ्या आईचं,” त्या म्हणाल्या. “पाणी माझ्या मोरीचं. सरकारची पोती हायत तेवढी. ती घेऊन जा.”

मी काहीतरी कडू बोलले. मदतनिसाच्या जागेवर दुसरी बाई बघता येते, असं काहीतरी. असलं वाक्य तोंडातून गेलं की परत येत नाही. हौसाबाई उठल्या. ताटली पदराआड धरून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी झाडाला हात लावला नाही. आणि मी रोज सकाळी फळं मोजली. पडलेली सोडली तर एकही कमी झालं नाही.

सत्तावीसला साहेब आले. तीन गाड्या, एक फोटोग्राफर, तालुक्याचे दोघं-तिघं. डोईफोडे मॅडम नवी साडी नेसून सातलाच आल्या होत्या. पोरांना गणवेश, केसांना तेल. पायलला आणू नको म्हणून मी मंदाला सांगितलं होतं, पण भट्टीला कुणाची सुट्टी नसते. ती पोरीला सोडून गेली आणि हौसाबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं.

मला वाटलं होतं, साहेब म्हणजे पोट सुटलेला, गॉगल लावलेला माणूस असेल. तो बारीक, चष्म्याचा, हळू बोलणारा निघाला. कुणाचंही बोलणं मध्येच तोडत नव्हता. असल्या माणसाशी खोटं बोलणं जास्त अवघड जातं.

“छान,” ते बोळात उभं राहून म्हणाले. “एवढ्याशा जागेत एवढं. आणि उंचावर लावण्याची कल्पना कुणाची? वाकावं लागत नाही.”

“सेविकेची सर,” मॅडम म्हणाल्या. “फार हुशार आहे. कुंदा लोखंडे. यादीत नाव आहे तिचं.”

साहेब माझ्याकडं बघून हसले. मी पण हसले. झालं होतं सगळं. अजून दहा मिनिटं.

फोटोग्राफर म्हणाला, “सर, मुलं टोमॅटो तोडतायत असा एक घेऊ.”

पोरं ओळीनं आणली. मोठ्यातला मोठा पोरगा पाच वर्षांचा, त्याचा हात कसाबसा फळापर्यंत गेला. बाकीची टाचा उंच करून बघायला लागली. दोघं हसायला लागली. मॅडम म्हणाल्या, “हात वर करा, नुसते हात वर करा.”

आणि त्या पोरांच्या पायांमधून पायल आली.

आतल्या खोलीची कडी कशी निघाली कुणास ठाऊक. मला आजही वाटतं की हौसाबाईंनी ती लावलीच नव्हती. मी कधी विचारलं नाही. ती सरळ आपल्या जागी आली, हिरव्या साडीपुढं उभी राहिली, वर बघितलं आणि हात वर केला. बोटं पंख्यासारखी पसरलेली. फळ एक हातभर वर होतं.

“अरे, हिला खरंच हवाय,” साहेब म्हणाले. “ये बाळ. मी उचलतो.”

मॅडम पुढं झाल्या, “सर, ती नको, तिला सर्दी...” पण तोवर ते वाकले होते. सव्वातीन वर्षांचं पोर उचलायला माणूस जेवढा जोर लावतो तेवढा त्यांनी लावला. पायल एकदम वर गेली. फळाच्याही वर, त्यांच्या डोक्याच्याही वर. भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा तशी. साहेबांचा तोल गेला. एक पाऊल मागं आले.

“सर, इकडं बघा,” फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी बघितलं नाही. ते पायलला छातीशी धरून उभे होते. एक हात तिच्या पाठीवर फिरला, मग दंडावर. दंड त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात मावला आणि वर जागा उरली. पायलला कशाचं काही नव्हतं. तिनं सगळ्यात जवळचं फळ ओढलं. तडकलेलं, मी मागं वळवून ठेवलेलं. त्यात तोंड घातलं. रस साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर सांडला.

“वय काय हिचं?”

“सव्वातीन वर्षं,” मी म्हणाले.

“वजन?”

“अकरा चारशे सर,” मॅडम म्हणाल्या. “साधारण श्रेणी. कुंदा, रजिस्टर दाखव.”

रजिस्टर माझ्या हातातच होतं. खुणेसाठी त्या पानावर बोट घालून ठेवलेलं.

“माझा नातू दीड वर्षाचा आहे,” साहेब म्हणाले. “रोज उचलतो मी त्याला.”

त्यांनी पोरीला खाली ठेवलं नाही. मग मला म्हणाले, “ताई, तुम्ही सांगा.”

खोलीच्या दारात हौसाबाई उभ्या होत्या. मला वाटलं त्या माझ्याकडं बघत असतील. त्या बघत नव्हत्या. त्या पायल खातेय तेवढंच बघत होत्या. आठवडाभर त्यांना ते बघायला मिळालं नव्हतं, आणि ते माझ्यामुळं.

“आठ सातशे,” मी म्हणाले. “पंधरा-वीस दिवसांपूर्वी. आता त्याच्याही खाली असेल.”

“मग अकरा चारशे कुठून आलं?”

“मी लिहिलं.”

“कुणी सांगितलं लिहायला?”

डोईफोडे मॅडमचं तोंड उतरलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्यांच्या नव्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. त्यांच्यावर ढकलता आलं असतं. अर्धं खरंही होतं.

“सांगावं लागत नाही साहेब,” मी म्हणाले. “लाल पोर असलं की अंगणवाडी आदर्श होत नाही, हे आम्हाला पाठ असतं. तुम्ही येणार म्हणून तीन आठवडे इथला एक टोमॅटो पोरांच्या तोंडात गेला नाही. झाडंसुद्धा एवढी उंच नाहीत. खाली विटा आहेत.”

साहेबांनी पायानं साडी बाजूला सारली. वाकड्या, काळ्या पडलेल्या विटांचे थर. तालुक्याच्या माणसांनी मोबाइल काढले आणि परत खिशात घातले. कुठं बघावं ते कुणाला कळत नव्हतं.

“हिच्या आईला बोलवा,” साहेब म्हणाले. “गाडी पाठवा. दोघींना आजच दवाखान्यात न्यायचं.” आणि हौसाबाईंच्या ओट्यावर बसले, पोर मांडीवर घेऊन. बाकीची मंडळी उभीच.

गाडी भट्टीवर गेली आणि मंदाला घेऊन आली. गाडी आपल्यासाठी आली म्हणून ती भेदरलेली. अंगभर लाल धूळ, पायात काही नाही. पोर साहेबांच्या मांडीवर बघितली आणि जागीच थांबली. कुणीतरी तिला सांगितलं, पोरगी फार अशक्त आहे, जिवाला धोका आहे, दवाखान्यात ठेवावी लागेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढ्या माणसांत ती फक्त माझ्याकडं वळली.

“पण बाई,” ती म्हणाली, “हिरव्यात होती ना?”

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. चौदा वर्षं मी त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवं होतं ते जुळवतेय. हौसाबाईंनी पुढं होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, आतून चादर आणि ताटली आणून एका पिशवीत भरली आणि मंदाबरोबर गाडीत जाऊन बसल्या. पायलच्या मुठीत टोमॅटोचं देठ होतं. ते तिनं सोडलं नाही.

गाड्या गेल्या. डोईफोडे मॅडम आणि मी, दोघीच राहिलो. त्या पडवीत भिंतीला टेकून खाली बसल्या, नव्या साडीनिशी.

“माझं नाव नाही घेतलंस,” त्या म्हणाल्या.

“घेऊन काय झालं असतं?”

“माझ्या वेळी दोन होती,” त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. “लाल. मी पण अशीच हिरवी केली होती.” त्या दोघांचं पुढं काय झालं, ते मी विचारलं नाही.

मला नोटीस आली. खुलासा द्या. मी खुलासा लिहिला, दोन ओळींचा. वजन आठ सातशे होतं, मी अकरा चारशे लिहिलं. टोमॅटोची झाडं बुटकीच असतात, आम्ही विटांवर ठेवली. अकरा वर्षांत रजिस्टरात जेवढं लिहिलं, त्यात या दोन ओळी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. यादीतून नाव गेलं. नोकरी राहिली, कशी ते मला आजही माहीत नाही. आदर्श परसबागेचा मान दुसऱ्या गावाला मिळाला. तिथं बाग होती का, ते मी बघायला गेले नाही.

हौसाबाई चार दिवसांनी दवाखान्यातून परत आल्या. माझ्याशी न बोलता थेट मागं गेल्या. मीही गेले. त्यांनी पहिल्या पोत्याखाली हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं घातला.

“हळू,” त्या म्हणाल्या. “फांदी मोडशील.”

तोपर्यंत त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. आम्ही चौदाही पोती खाली घेतली. दोन झाडं गेली होती, बारा जगली. विटांची त्यांनी पडवीच्या कोपऱ्यात पोरांना बसायला पायरी केली.

पायल तीन आठवड्यांनी आली. मंदा तिला कडेवर घेऊन आली आणि पडवीत उतरवली. मी काटा टांगला, झोळी लावली. पायल झोळीत बसून झोका घेतल्यासारखी हलत होती, म्हणून काटा स्थिर व्हायला वेळ लागला. नऊ किलो साडेचारशे.

मी रजिस्टर काढलं. मंदा जवळ येऊन उभी राहिली. मी ठिपका दिला. आणि ती विचारायच्या आधी तिचं बोट धरून त्या ठिपक्यावर ठेवलं.

“लाल आहे,” मी म्हणाले. “अजून लालच आहे मंदा. आधी लालच्या पार तळाला होती, आता थोडी वर आलीय. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. मी दाखवीन.”

तिनं मान हलवली. बोट तिथंच ठेवून ती किती तरी वेळ उभी होती. रंगावर विश्वास ठेवावा की नाही, हे ती माझ्या तोंडाकडं बघून ठरवत होती. मी तोंड फिरवलं नाही.

मागच्या बोळातून हौसाबाईंचा आवाज आला.

“अगं तो कच्चा हाय. तो नको. हा घे, हा बघ. घे, तोड तुझ्या हातानं. आता कोणी साहेब यायचा नाही इथं.”

मी दारातून बघितलं. पायल पोत्यापुढं उकिडवी बसली होती. झाड आणि ती, दोघांची उंची एक. तिनं दोन्ही हातांनी फळ धरलं आणि ओढलं.

मी त्या दिवसापासून टोमॅटो मोजले नाहीत.